गेटवेअर

रंगुबाईला मुंबईची भीती नव्हती, मुंबईच्या गेटाची होती. म्हणजे दगडाच्या गेटाची कसली आलीय भीती, पण त्या गेटापायी चारचौघांत नवऱ्याचं हसं होईल, याची होती.

त्याचं असं झालं. शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात सणसरच्या रणजितनं नवी मिनीबस घेतली आणि पहिली फेरी गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना मुंबई दाखवायची, असं चहाच्या हॉटेलात जाहीर करून टाकलं. दादरची चैत्यभूमी पक्की, कारण निम्मी बस रंगुबाईच्या वस्तीची. महालक्ष्मी पक्की, कारण रणजितची आई प्रयागबाई तिथं ओटी भरायचं बोलून बसली होती. त्यावर आणखी एकच ठिकाण. एकच! का, तर दुसऱ्या दिवशी सकाळी रणजितला बारामतीतून वऱ्हाड न्यायचं होतं, सांजच्याला मुंबई सोडायलाच हवी होती. आता एवढी थोरली मुंबई आणि त्यात एकच जागा निवडायची म्हटल्यावर गावात दुसरं काय होणार? इलेक्शन लागलं.

रंगुबाईचा नवरा ज्ञानदेव छाती काढून म्हणाला, "इलेक्शन कशाला पायजे? गेटवेअर बघायचं. बाकी मुंबईत हाय काय?"

रंगुबाईच्या भीतीला सुरुवात झाली ती तेव्हा.

ज्ञानदेव पाटकरी होता. कालव्याची गेटं उचलायची, टाकायची, कुणाच्या चारीला किती तास पाणी द्यायचं ते बघायचं, ही त्याची तीस वर्षांची नोकरी. नोकरी कसली, दिमाख होता तो. त्याच्या बापानं पाण्यासाठी ओंजळ धरून, कुणी वरून ओतेल म्हणून ताटकळत उभं राहण्यात जन्म काढला होता. आणि त्याच बापाचा हा लेक गावच्या पाण्याची चावी कमरेला लावून कालव्याच्या भरावावरून सायकल हाणायचा. भलेभले बागायतदार "ज्ञानदेवराव, जरा बघा की आमच्याकडं" म्हणत मागं पळायचे. रिटायर होऊन पाच वर्षं झाली तरी माणूस गेटातून बाहेर आला नव्हता.

त्याच्या नोकरीच्या काळात एक साहेब चौकीवर आला होता. जाताना म्हणाला, "गेट बघायचं तर मुंबईचं गेटवे बघ, ज्ञानदेव. समुद्रावर आहे." बस्स! धरणाच्या सांडव्याला कालव्यावरची माणसं वेस्ट वेअर म्हणतात, तेव्हा साहेबाचं 'गेटवे' ज्ञानदेवच्या कानात 'गेटवेअर' होऊन बसलं. समुद्राचं पाणी आत घ्यायचं आणि अडवायचं देशातलं सगळ्यात थोरलं गेट! आणि गडी गप बसणारा नव्हे. हॉटेलात, तेराव्याच्या जेवणावळीत, लग्नाच्या मांडवात, जिथं चार माणसं भेटतील तिथं त्यानं गेटवेअर सांगितलं. एकदा कुणी तरी कॅलेंडरच त्याच्यापुढं धरलं आणि विचारलं, "ह्यात दार कुठं दिसतंय वो?" ज्ञानदेवनं पापणी हलवली नाही. "फोटू उन्हाळ्यातला हाय. दार वर उचललेलं हाय," म्हणाला.

हे सगळ्यात जास्त ऐकलं होतं गेणबानं. गेणबा म्हणजे रणजितचा बाप, प्रयागबाईचा नवरा. त्याचा ऊस टेलला, म्हणजे चारीच्या पार शेवटच्या टोकाला. वरच्यांची भिजवणी होऊन खाली उतरेल तेवढं पाणी त्याचं, आणि उतरायचं ते करंगळीएवढं. तीस वर्षं गेणबानं ज्ञानदेवला शिव्या घातल्या आणि तीस वर्षं ज्ञानदेवनं त्या व्याजासकट परत केल्या. हॉटेलात गेटवेअरचा विषय निघाला की गेणबा मिशीवरून हात फिरवायचा. "एकदा दाव की लेका तुजं गेट. मी स्वतः यीन बघाय."

रंगुबाईनं नातीला, तेजश्रीला गाठलं. ती बारामतीच्या कॉलेजात जायची. "तेजू, खरं सांग. त्या गेटाला दार हाय का?"

तेजश्री हसायला लागली. "आज्जे, कसलं दार? कमान आहे ती नुसती. कुठल्या तरी राजाच्या स्वागताला बांधलेली. पाण्याचा नि तिचा काही संबंध नाही."

"झालं वाटोळं," म्हणून रंगुबाई मटकन खाली बसली. "गेणबा पोट धरून हसंल. गाव ह्यान्ला मरस्तवर गेटवेअर म्हनंल. पोरांच्या लग्नपत्रिकेत छापत्याल, गेटवेअरांचे नातू!"

"मग आबांना सांगून टाक."

"तू सांग!"

आबांना सांगणं म्हणजे काय, हे तेजश्रीलाही ठाऊक होतं. दोन दिवस जेवण बंद आणि चार दिवस बोलणं बंद.

मग रंगुबाईनं पदर खोचला. नवऱ्याला खरं सांगता येत नसेल तर नवऱ्याला पाडायचं! मत मोडायचं तर समोर तगडा उमेदवार हवा. तेजश्रीकडून तिनं मुंबईची सगळी यादी काढून घेतली आणि त्यात एका नावावर बोट ठेवलं. म्हातारीचा बूट.

कारखान्याची इलेक्शनं बघून बघून या मुलखात शेंबडं पोरही पॅनेल पाडायला शिकतं. रंगुबाईनं तर सहा निवडणुका चुलीपुढं बसून ऐकल्या होत्या. आधी ती प्रयागबाईकडं गेली. प्रयागबाईला राणीच्या बागेतली माकडं बघायची होती.

"माकडं?" रंगुबाई म्हणाली. "अगं, तुज्या चिंचंवर कमी हायत का? बूट बघ. बंगल्याएवढा! आत जिना हाय म्हनं. वर चढलं की सगळी मुंबई दिसती."

"पर म्हातारी कोन ती?"

"आसंल कुनी तरी. आपल्यासारखीच की. कुनी इमारत बांधली का आजवर म्हातारीच्या नावानं? राजाच्या नावानं बांधत्यात, पुढाऱ्याच्या नावानं बांधत्यात. ही एक बांधलीय, ती तर बघाय नगं का?"

हे मात्र प्रयागबाईला पटलं. तिनं कौसल्याला सांगितलं, कौसल्यानं तानूबाईला. दोन दिवसांत बाईमाणूस सगळं बुटात!

ज्ञानदेवच्या कानावर गेलं तेव्हा तो अंगणात दाढी करत होता. अर्ध्या फेसानंच ओरडला, "बूट बघाय मुंबईला जायाचं? बारामतीच्या बाजारात बूट न्हाईत व्हय? आन् तू, माजी बायको, गेटाच्या इरोधात!"

"लोकशाही हाय," रंगुबाई म्हणाली, आणि पाठ फिरवून भाकरी थापायला बसली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते धुराच्या नावावर खपलं.

मतदान झालं हॉटेलात. रणजित सोडून पंधरा मतदार. तेजश्रीनं कागदावर चार चिन्हं काढली होती, बूट, माकड, विमानतळाचं विमान आणि गेट. गेटाला तिनं दार काढलं नव्हतं, ते आबांनी स्वतः पेन घेऊन काढलं. चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात पडल्या आणि रणजितनं मोजून सांगितल्या. बूट आठ. माकड चार. विमान दोन. गेट एक.

हॉटेलात हशा पिकला. ज्ञानदेवनं टोपी झटकली, डोक्यावर ठेवली आणि निघून गेला. रंगुबाईला जिंकल्याचा आनंद व्हावा की नाही? एवढी घाण वाटली तिला स्वतःची! सबंध गावात त्याचं एकट्याचं मत गेटाला, आणि सख्ख्या बायकोचंसुद्धा नाही. नवऱ्याची अब्रू वाचवायला त्याचंच नाक कापल्यासारखं झालं होतं. आणि नवल म्हणजे गेणबा हसला नाही. तो बशीतला चहा फुंकत बसला होता.

तर मुंबई. चैत्यभूमीपुढं रंगुबाईनं मेणबत्ती लावली, ज्ञानदेव हात जोडून बराच वेळ उभा राहिला, गेणबानंही चपला काढून माथा टेकवला. मग महालक्ष्मीला प्रयागबाईची ओटी झाली. आणि मग डोंगरावरच्या बागेत तो बूट.

बूट खरंच होता. आणि तो लहान पोरांसाठी होता, पण सणसरच्या बायकांना ते कोण सांगणार? प्रयागबाई नऊवारीचा काष्टा सावरत शाळेच्या पोरांच्या रांगेत घुसली, जिन्यात अडकली, मागून सहा पोरांनी रेटा दिला तेव्हा वरच्या खिडकीत तिचं तोंड उगवलं. तिथून ती ओरडली, "रंगे! पर हिचा दुसरा बूट कुठं हाय गं? म्हातारी लंगडी हुती का काय?"

खाली बाकावर ज्ञानदेव शेंगा खात बसला होता. आणि गंमत बघा, माणूस खुशीत होता! रंगुबाई शेजारी टेकली. तिच्यानं राहवेना.

"तुमचं एकच मत पडलं गेटाला. मला लई वाईट वाटलं वो. मी दिलं पायजे हुतं."

ज्ञानदेवनं एक शेंग फोडली, दाणे तिच्या हातावर ठेवले. "माजं कुठं पडलं? मी बुटाला दिलं."

"काय?"

"हळू बोल. मला ठावं हाय त्याला दार न्हाय ते. दोन वर्सं झाली, टीवीवर दावलं हुतं. कमान हाय नुसती." त्यानं गेणबाकडं चोरून बघितलं. "पर गावभर सांगून बसलेलो. आता माघारी कसं घ्यायाचं? तू बूट काढलास तवा जिवात जीव आला बघ."

रंगुबाईनं कपाळावर हात मारला. एकाच घरात, एकाच ताटात जेवणारी दोन माणसं एकमेकांना चोरून एकच उमेदवार निवडून आणत होती! तिला हसू फुटलं, त्यालाही फुटलं, आणि दोघं टरफलं सांडत हसत राहिली. मग एकाएकी ती थांबली.

"मग गेटाला दिलं कुनी?"

"मी," मागून आवाज आला. गेणबा उभा होता. "रणज्या, तास हाय का अजून हातात?"

"हाय की," रणजित म्हणाला.

"मग चल गेटावर. मला बघायचंच हाय."

रंगुबाईनं हातातले दाणे तसेच पदराला बांधले. ज्ञानदेवच्या तोंडावरचं हसू पुसून गेलं. वाटेत समुद्राच्या कडेकडेनं बस निघाली, सगळे खिडक्यांना चिकटले, पण त्या दोघांनी काही बघितलं नाही.

गेट आलं. दगडाचं, उंच, मान मोडेपर्यंत उंच. कबुतरं, फोटोवाले, फुगेवाले. गेणबा सरळ कमानीखाली गेला, मधोमध उभा राहिला आणि डोक्यावरची टोपी धरून वर बघायला लागला. इकडचा खांब चाचपला, तिकडचा चाचपला. बाकीचे पंधरा गपचूप मागं उभे. प्रयागबाईसुद्धा गप्प, म्हणजे बघा.

"ज्ञानदेवराव," गेणबा म्हणाला, "दार कुठं हाय?"

आता ज्ञानदेवला म्हणता आलं असतं, वर उचललंय. तोंडात तयारच होतं ते. रंगुबाई मनातल्या मनात म्हणत होती, म्हना, म्हना. पण त्यानं टोपी काढली.

"दार न्हाय, गेणबा. ही कमान हाय. मी चुकीचं सांगत हुतो सगळ्यास्नी. हास आता."

गेणबा हसला नाही. तो कमानीतून पलीकडं गेला. तिथं पायऱ्या होत्या आणि पायऱ्यांवर पाणी आपटत होतं, नजर पोचेल तिथवर पाणीच पाणी.

"हितं तरी टेलला पानी पोचलंय," तो म्हणाला.

ज्ञानदेव त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. खाली वाकून त्यानं ओंजळ भरली, जिभेला लावली आणि थू केलं. "पोचलंय, पर खारं हाय."

"टेलवाल्याचं नशीबच तसलं." गेणबानं मिशीवरून हात फिरवला, पण आवाज भलताच मऊ निघाला. "तू गेल्यापास्नं नवा गडी आलाय. साहेबाचा मानूस. चिमनीला प्यायला पानी येत न्हाय माज्याकडं. तुज्या टायमाला रडत का हुईना, यीत हुतं. रातीचं कंदील घिऊन तू टेलपतोर यायचास, ते मी बघायचो. शिव्या घालायचो, पर बघायचो. म्हनून म्हनलं, ह्याचं गेट एकदा बघावं."

ज्ञानदेवनं टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली. रंगुबाईनं डोळ्यांना पदर लावला, आणि इथं धुराचं नाव सांगायलाही सोय नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात ही गर्दी! न गेलेले सगळे टपूनच बसले होते. ज्ञानदेव आत येऊन टेकतो न टेकतो तोच रतन चहावाल्यानं डोळा घालत विचारलं, "मग, ज्ञानदेवराव? बघितलं का गेटवेअर? हुतं का दार?"

ज्ञानदेवनं मान खाली घातली. बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून बशी आपटल्याचा आवाज आला. "हुतं की," गेणबा म्हणाला. "मी स्वतः बघितलंय. उन्हाळा हाय न्हवं का, वर उचललेलं हुतं."