मेणबत्तीचा प्रयोग

नववीच्या पहिल्याच तासाला मी सांगून टाकलं, "या वर्षी भौतिक, रसायन, जीव असं सगळं थोडंथोडं येईल. पण मुख्य गोष्ट एकच. डोळ्यांना दिसेल तेच लिहायचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलावण्यात आमच्या शाळेचा हात धरणारं कुणी नाही.

मग प्रयोग. पेटत्या मेणबत्तीवर काचेचा ग्लास उपडा ठेवायचा आणि काय होतं ते पाहायचं. पण काडेपेटी सादळली होती. मी काडीमागून काडी ओढत राहिले, काडेपेटीचा आणि ती आणणाऱ्या शिपायाचा उद्धार केला, तेवढ्यात घंटा झाली. मेणबत्ती काही पेटली नाही.

संध्याकाळी वह्या तपासायला घेतल्या. एकजात सगळ्यांची मेणबत्ती ग्लासातला ऑक्सिजन संपल्यामुळे विझली होती. एकीला तर विझण्याआधी ज्योत निळी झालेलीही दिसली होती. फक्त मागच्या बाकावरच्या चष्मेवालीने लिहिलं होतं, "मेणबत्ती पेटलीच नाही."

दुसऱ्या दिवशी तिला बोलावून घेतलं. ती घाबरतच आली. "बाई, माझं चुकलं का?"

"अजिबात नाही. वर्गात तुझं एकटीचंच बरोबर आहे," मी म्हणाले. "पण परीक्षेत असलं काही लिहू नकोस."