काही सखल भाग

अकरा वर्षं ती शहराच्या रेडिओवर सकाळचं हवामान वाचत होती. मजकूर वेधशाळेकडून यायचा, आणि मोठ्या भरतीच्या दिवसांत त्यात एक ठरलेलं वाक्य असायचं: 'किनाऱ्यालगतच्या काही सखल भागांत पाणी शिरण्याची शक्यता आहे.'

तिच्या थोरल्या भावाची बेकरी खाडीकडे उतरणाऱ्या गल्लीत होती. भट्टीशेजारी रेडिओ कायम चालू. तरी त्या वर्षी तिसऱ्यांदा खारं पाणी आत शिरलं आणि मैद्याची पोती भिजली. ती धावत गेली, तेव्हा तो घोटाभर पाण्यात उभा राहून पोती ओढत होता.

"दादा, मी काल सांगितलं होतं ना?"

"कुठे सांगितलंस? तू म्हणालीस, काही सखल भाग. मला वाटलं, असेल कुठेतरी."

ती चिडलीच. सख्ख्या भावानेही आपलं बोलणं कानाआड करावं? पण घरी पोचेपर्यंत राग स्वतःकडे वळला होता. 'काही भाग' म्हणजे कुणाचाच भाग नव्हे.

पुढच्या मोठ्या भरतीआधी तिने वेधशाळेला फोन करून पाणी किती चढेल ते विचारलं आणि नकाशा समोर घेऊन बसली. सकाळी वाचलं: "उद्या दुपारी दोन वाजता बेकरीच्या गल्लीत पाणी येईल. बस डेपोमागच्या शिंप्यांच्या दुकानांत येईल. शाळेच्या तळमजल्यावर पहिलीचे दोन वर्ग आहेत, तिथे येईल. समुद्र चढतो आहे, त्यामुळे हे आता वाढतच जाणार. आपल्याकडेच."

स्टेशनच्या साहेबांनी लगेच बोलावलं. "घबराट पसरवताय तुम्ही. अहो, ही शंभर वर्षांनी होणारी गोष्ट."

"यंदाच तीनदा झाली, साहेब."

"गल्ल्यांची नावं घ्यायची नाहीत."

"नाव घेतल्याशिवाय कुणी वळून बघत नाही."

साहेबांनी माफीचा मजकूर टाइप करून तिच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी तिने त्या कागदाची घडी घातली, त्यावर पाण्याचा ग्लास ठेवला आणि कालचीच यादी पुन्हा वाचली.

दुपारी पाणी आलं. शाळेने पहिलीला सुट्टी दिली होती. दादाचं एकही पोतं जमिनीवर नव्हतं. शिंप्यांच्या दुकानांत मात्र पाणी पोचलंच नाही. मशिनं उगाच माळ्यावर चढवायला लावली म्हणून दोघा शिंप्यांनी तिला शिव्या घातल्या. तिने त्या ऐकून घेतल्या.

हवामान तिच्याकडून काढून घेतलं गेलं. वाट्याला आला फर्माइशी गाण्यांचा कार्यक्रम. पहिल्याच दिवशी एका शिंप्याचा फोन लागला.

"गाणं राहू दे, ताई. परवा अमावास्येची भरती. आमच्याकडे कुठवर येईल, तेवढं सांगा."

काचेपलीकडून साहेब हाताने नको नको म्हणत होते. तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि माइक जवळ ओढला.

"थांबा," ती म्हणाली, "नकाशा काढते."