द्रौपदाबाईच्या लुगड्याची झोळी

मित्रांनो, मी एक जुनी झोळी आहे. पण मला पाहून तुम्ही ओळखणार नाही. धुळ्याच्या देवपुरात एका ट्रंकेच्या तळाशी विटलेलं, काठ उसवलेलं नऊवारी लुगडं पडलंय, ते म्हणजे मी. मी फार थकले आहे. झिजून नव्हे, मनातून.

द्रौपदाबाई मला नेसून लग्नाकार्यात मिरवायची. पुढे मी मऊ पडले. थोरला पितांबर झाला, तेव्हा तिने गावच्या घरात मला तुळईला बांधून माझी झोळी केली. एका हाताने ती दोरी ओढी, दुसऱ्या हाताने भुईमुगाच्या शेंगा फोडी. पोर सुखाने निजे. शेजारणी माझं कौतुक करत आणि मी फुलून जाई.

मग भिकन झाला. पाच महिन्यांचा, गुटगुटीत. एके दुपारी शेजारच्या यशोदाबाईने त्याचा पापा घेतला आणि त्याला माझ्यात निजवलं. तो पुन्हा उठलाच नाही. त्याची हनुवटी छातीला टेकली होती, नाक माझ्या कापडात रुतलं होतं. माझे दोन्ही काठ वर मिटलेले, बाहेरून काही दिसत नव्हतं. मला ओरडता आलं नाही.

गावाने ठरवलं, यशोदाबाईची दृष्ट लागली. द्रौपदाबाईने तिच्याशी बोलणं टाकलं. माझ्यावर मात्र कुणीच संशय घेतला नाही. पुढच्या दोन्ही मुलींसाठी मलाच बांधलं. त्या वाढल्या, पण प्रत्येक झोक्याला मला धाकधूक असे.

१९८८ साली पितांबरच्या घरी, देवपुरात, मी पुन्हा छताच्या कडीला लटकले. आत त्याची पाच महिन्यांची ज्योत्स्ना.

"बाई, ही आता कुशीवर वळते. खाली सतरंजीवर निजवू का?" सून पुष्पाने विचारलं.

"मना बठ्ठा पोरे ह्याच झोयीमा वाढनात," द्रौपदाबाई म्हणाली. "काही व्हत नही." 'सगळी पोरं' म्हणताना तिने मान दुसरीकडे वळवली.

दोनच दिवसांनी ज्योत्स्ना माझ्यात पालथी झाली. तिचं तोंड माझ्यात दबलं. जरा वेळ ती धडपडली, मग हलेनाशी झाली. द्रौपदाबाई दोरी ओढतच होती. पोर शांत निजली म्हणून तिला बरंच वाटत होतं.

पुष्पा दळण घेऊन आली. सवयीने तिने माझे काठ फाकवले आणि किंचाळली. पोरीचे ओठ निळे पडले होते. तिने तिला ओढून काढलं, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. पुन्हा घातली. शेवटी ज्योत्स्ना रडली. मला कडीवरून ओढून, माझ्यातच तिला गुंडाळून सासू-सून रिक्षाने दवाखान्यात धावल्या.

डॉक्टरांनी पोरीला नीट तपासलं. मग मला हातात धरून म्हणाले, "झोळीत बाळाची मान दुमडते, तोंड कापडात दबतं आणि श्वास कोंडतो. आवाजही होत नाही."

द्रौपदाबाईने मला डॉक्टरांच्या हातातून घेतलं. "म्हंजे मना भिकनले कोनीच दिठ नव्हती लागेल," ती म्हणाली. "तोबी असाच गया, पोरी."

आठवड्याने ती नातीला आणि मला घेऊन एसटीने गावी गेली. यशोदाबाई ओट्यावर धान्य निवडत होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा सुपात मान घातली.

"यशोदा, तुना काही दोष नव्हता," द्रौपदाबाई म्हणाली. "मनी झोयीमा त्याना जीव गुदमरना."

यशोदाबाईच्या हातातलं सूप खाली आलं. "तेवीस वरीस," ती म्हणाली, "मी कोनाच पोरले हात नही लाया."

द्रौपदाबाईने मला चौघडी करून ओट्यावर अंथरलं आणि ज्योत्स्नाला वर उताणं निजवलं. यशोदाबाईने हात पुढे केला, मागे घेतला. मग एका बोटाने पोरीचा गाल शिवला.

मित्रांनो, मला पुन्हा बांधू नका. तुमच्या घरी माझ्यासारखी झोळी असेल, तर आईला ही हकिगत सांगा. बाळाला सपाट जागी उताणं निजवा, त्याचं तोंड उघडं राहू द्या. ते गप्प झालं तर निजलं असं समजू नका. उठा, जाऊन बघा. एवढं कराल, तर या ट्रंकेत मला जरा झोप लागेल.