आज टोमणा नाही

"मावशी, तो काळा चष्मा काढा ना. फोटोत चांगला न्हाई दिसून राहिला," आमच्या ऑफिसातल्या प्रियदर्शनी मॅडम मोबाईल आडवा धरून म्हणाल्या.

याडी, म्हणजे माझी आई पारुबाई, माझ्या टेबलापाशी उभी होती. मागच्याच आठवड्यात तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. आज तपासणीला न्यायचं होतं, म्हणून ती आमच्या बंजारा तांड्यावरून सरळ हिंगोलीला माझ्या ऑफिसात आली होती. लेकीच्या ऑफिसात जायचं म्हणून ठेवणीतली आरशांची ओढणी काढली होती. ती बघूनच मॅडमना फोटो सुचला होता. चष्मा काढायचा नाही, उजेड लागू द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं.

माझं डोकं तापलं. आणि डोकं तापलं की मी जे नेहमी करते तेच केलं. हसून म्हणाले, "डोळा गेला तर जाऊ द्या, मॅडम. तुमचा फोटो बिघडाया नको."

सगळे खो खो हसले. शेजारच्या टेबलावरचे शिवशंकरभाऊ म्हणाले, "निलमचं बोलणं म्हणजे एक नंबर!"

चार वर्षं हेच चाललंय. मॅडम आपलं काम माझ्याकडे सरकवतात. मी म्हणते, "द्या ना, बसून बसून मला कंटाळाच आलता." हशा होतो, काम माझ्याकडेच राहतं. शिवशंकरभाऊ विचारतात, "तुमच्या तांड्यावर अजून दारू गाळून राहिले का?" मी म्हणते, "व्हय, तुमच्या वाट्याची बाजूला ठेवली." पुन्हा हशा. माझा टोमणा त्यांना आता चहासोबत लागतो. घरी जाऊन भांडी आपटते ती मीच.

याडीला वाटलं असणार, लेकीच्या ऑफिसातल्या माणसांचं मन कसं मोडायचं? तिनं चष्मा काढला. फ्लॅश पडला. तिनं डोळे गच्च मिटले, टेबलाची कड धरली. गालावर पाणी ओघळलं, तरी ओठांवरचं हसू काही तिनं सोडलं नाही.

ते हसू माझं होतं. रोजचं.

"अजून एकच, मावशी."

"मोबाईल खाली ठेवा," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघत राहिले. पुढचा विनोद यायचा होता ना.

"काहून चिडून राहिली, निलम?" शिवशंकरभाऊ म्हणाले. "मस्करी तर तूच रोज करतीस."

"म्या मस्करी केली न्हाई, भाऊ. एक दिवसबी न्हाई." मी मॅडमकडे वळले. "तो फोटो डिलीट करा. माझ्यासमोर."

मॅडमनी तोंड वाकडं केलं, पण फोटो डिलीट केला.

मी याडीच्या डोळ्यांवर चष्मा चढवला आणि तिला बाहेर आणलं. जिन्यात ती हळूच म्हणाली, "काहून बोललीस? तुला इथंच काम करायचं हाय."

एक खमंग उत्तर तोंडाशी आलं होतं. ते मी गिळलं.

"दुखून राहिलं का, याडी?"

"व्हय," ती म्हणाली. "लई."

मग तिनं डोळ्यांवर चमकणारी ओढणीची आरशांची कड आत दुमडून घेतली आणि कठडा चाचपत उतरू लागली.