देवाची उजवी बाजू

कौलासाठी लावलेली तगरीची ओली कळी बांधदेवाच्या छातीवर चिकटून होती. निळ्या दिव्यात ती कळी नव्हे, उपटलेला दात वाटत होती... आणि तिच्याकडे पाहता पाहता सदा गुरवाच्या तोंडात रक्ताची चव आली. भर दुपार, पण नाइटक्लबात दुपार शिरत नाही. पूर्वी इथे मिठागराचा बांध होता. तो भरतीपुढे टिकावा म्हणून सिद्दीच्या अमलात त्यात एक जिवंत माणूस गाडला, वर हा दगड बसवला, आणि दगड बोलू लागला — फक्त गुरवाच्या घराण्याशी. पुढे मिठागराचा मालक बुधाजी याने मीठ सोडून चोरट्या मालाचे ट्रक चालवले, माणसे मारली, बोर्लीच्या रस्त्याला हा आरशांचा महाल उठवला. दगड तेवढा हलेना, म्हणून दारूचे काउंटर त्याच्याभोवती वळवून घेतले.

मंचावर क्लबातली गायिका हेतल, सोनेरी टिकल्यांच्या झग्यात, माईक तपासत होती. "सदाकाका, देवाला सांगा, आज माझा आवाज फाटू देऊ नको!"

"ऐकतोय तो," बुधाजी हसला, मग आवाज उतरवून दगडाला म्हणाला, "खाडीतल्या मालाची खबर पोलिसांना हिनंच दिली. व्हय का न्हाय?"

खबर सदाने दिली होती. बुधाजीने त्याच्या भावाला त्याच खाडीत बुडवले होते म्हणून. देवाला दोन्ही ठाऊक होते.

कळी सुटली, देवाच्या डाव्या अंगाला पडली. डावा कौल म्हणजे नकार, उजवा म्हणजे होकार. आणि डावे-उजवे देवाचे, पाहणाऱ्याचे नव्हे — गुरवाचे पोर हे बोलू लागण्याआधी शिकते. समोर बसलेल्या बुधाजीला मात्र ती स्वतःच्या उजव्या हाताला दिसली.

"उजवी दिली! व्हय ना रं, गुरवा?"

'डावी' हा एक शब्द पुरला असता. मी तो जिभेवर आणलाही... पण हेतल नाही तर कोण, हा प्रश्न त्या शब्दाच्या पाठीला चिकटलेला होता. आणि मी खोटे बोललो कुठे? — सदाने स्वतःशी वाद मांडला — मी केवळ बोललो नाही. बोलण्याला कर्ता लागतो, मौनाला लागत नाही.

बुधाजीने बोट हलवले. त्याची दोन माणसे मंचावर चढली. "शेठ, गाणं अर्धं ऱ्हायलंय," हेतल म्हणाली, हसतच. मग माईक पडल्याचा आवाज सगळ्या महालभर घुमला, आणि मागचे दार लागले.

"दुसरी लाव. आपल्यातलं आनखी कोन फितूर हाय का, इचार."

सदाने कळी भिजवून दाबली. देव खरे बोलला, तर ती देवाच्या उजवीकडे पडेल — म्हणजे बुधाजीच्या डावीकडे — आणि तो 'न्हाय' वाचील. सत्यच मला वाचवील... फक्त देवाने आपली जुनी रीत सोडता कामा नये.

दगडाच्या आतून, चिखलातून यावा तसा, तो ओळखीचा आवाज आला: "आता कुणाची उजवी धरू, सदा? माझी, की आत्ता तू शिकवलीस ती?"

सदाने कळीवरचे बोट काढले नाही. मागच्या दाराआड काहीतरी ओढत नेल्याचा आवाज येत होता, आणि तो ऐकताना त्याला दया आली नाही. हेवा वाटला — तिचा कौल लागून गेला होता.