सुमीचं ‘आपण’

“आपण बसावं ना सर, मी राहते उभी,” असे सुमियाती म्हणाली आणि वार्सितोच्या तोंडातला चहाचा घोट तिथेच अडकला.

शिक्षकांच्या खोलीत खुर्च्या चार. त्यातल्या एकीवर नाचणाऱ्या मुलींचे मुकुट रचलेले, त्यामुळे चार शिक्षकांपैकी एकाने उभे राहायचे हे ठरलेलेच. रोज सुमियाती आत आली की हातातली छत्री वार्सितोच्या गुडघ्याला टोचायची आणि म्हणायची, “ऊठ रे सितो, बायकामाणसाला बसू दे.” सोलो शहरातल्या कलाशाळेत दोघे एका वर्गात होते तेव्हापासून ती त्याला ‘ए सितो’ म्हणत आली होती. पुढे तो केंदांग हा ढोल वाजवायला शिकवू लागला, ती नाच शिकवू लागली, दोघे याच कॉलेजात नोकरीला लागले, दोघांचे केस पिकले, पण ‘ए सितो’ काही बदलले नाही. त्याची बायको गेली त्या दिवशीसुद्धा तिने भाताची ताटली पुढे सरकवून “सितो, दोन घास खा, नाटकं करू नकोस,” असेच म्हटले होते.

आणि आज एकदम ‘आपण’. वर ‘सर’.

“काय गं, झालं काय?”

“कुठं काय? काही नाही, सर.” ती मुकुटांवरची धूळ झटकत राहिली. मुकुटांवर धूळ नव्हतीच.

वार्सितोच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आमच्या जावा बेटावर धाकटा थोरल्याशी अदबीने बोलतो, त्यात नवल नाही. पण ज्याच्याशी जन्मभर अरे-तुरे केले त्याच्याशी कोणी अचानक अदबीने बोलू लागले, तर समजावे की एक तर स्थळ नाकारायचे आहे, नाहीतर माणसाला घरी पाठवायचे आहे. सुमियातीला मुलगी नव्हती आणि वार्सितोला मुलगा नव्हता. म्हणजे राहिले दुसरेच.

कॉलेज तसे छोटेच, क्लातेनच्या बाहेर, भातखाचरांना लागून. मुले येतात ती हिशेब लिहायला नाहीतर कॉम्प्युटर शिकायला. नाच-गाण्याचा विभाग पार मागे, मोटारसायकलींच्या छपरापलीकडे. खांबांचा एक उघडा मंडप, त्यात गामेलान या वाद्यवृंदाची काशाची वाद्ये मांडून ठेवलेली, आणि शेजारी ही खोली. विभागप्रमुख प्रानोतो गाणे शिकवायचा. एके काळी तो वार्सितोच्याच हाताखाली शिकलेला, पण हल्ली त्याचा सगळा गळा व्यवस्थापनाच्या बैठकांत जायचा. चौथा दानांग. तो धातूची वाद्ये शिकवायला नवा आला होता. केंदांगही बरा वाजवायचा. वार्सितोच्या मते जरा जास्तच बरा.

शनिवारी कॉलेजचा वर्धापनदिन होता. दरवर्षी मंडपात नाच व्हायचा आणि केंदांगवर वार्सितो बसायचा. त्या आडव्या ढोलावर त्याचे दोन हात पडले की सगळी वाद्ये चालायची, त्याने इशारा दिला की वळायची, त्याने थांबवली की थांबायची. त्याच्याकडे दुसरे होते तरी काय? मुलगी लग्न होऊन सुराबायाला गेलेली, घर रिकामे. ही एक जागा होती, आणि तीच कोणीतरी त्याच्याखालून काढून घेत होते याबद्दल त्याची आता खात्रीच पटली.

एकदा संशय आला की पुरावे आपणहून चालत येतात. त्याचे हेल्मेट हल्ली सारखे गायब व्हायचे आणि नंतर मुकाट त्याच्या गाडीला अडकवलेले सापडायचे. ते अडकवताना त्याने दानांगला एकदा लांबून पाहिले होते. आधी पळवायचे आणि मग साळसूदपणे परत आणून ठेवायचे. त्याशिवाय वाद्यांच्या कोठीची किल्ली तो सगळीकडे शोधायचा आणि ती त्याच्याच खिशात निघायची. म्हणजे खिशात हात घालण्यापर्यंत मजल गेली होती. प्रानोतो आणि सुमियाती कुजबुजत असायची आणि तो आला की प्रानोतो एकदम हवापाण्याबद्दल बोलू लागायचा.

मंगळवारी त्याला ती उशी दिसली. मंडपाच्या टोकाला, घंटेसारखा घुमणारा मोठा गोंग टांगलेला असतो तिथे, गोंग वाजवणाऱ्याच्या जागेवर कोणीतरी नवी कोरी उशी ठेवली होती. गोंग वाजवणे हे मानाचे काम खरे, पण त्याला वाजवायचे असते फार थोडे. बाकीच्यांचा सगळा फेरा पुरा झाला की शेवटी एक ठोका. ज्यांचे हात चालेनासे होतात त्यांना तिथे बसवतात.

“ही उशी कुणी आणली?” त्याने दानांगला विचारले.

“मला कल्पना नाही, सर.”

“कल्पना नाही, की सांगायचं नाही?”

दानांग खाली बघून हसला. ओशाळला की तो हसायचा, हे वार्सितोला ठाऊक होते, पण त्या दिवशी त्याला ते हसणे लबाड वाटले.

बुधवारी तालीम होती, आणि वार्सितोने मनाशी डाव रचला. नाचाचा संथ भाग संपतो आणि द्रुत लय सुरू होते, त्या वळणावर केंदांगने इशारा द्यायचा असतो. तो इशारा आज द्यायचाच नाही. नुसता संथ ठेका धरून बसायचे आणि बघायचे, कोण कुणाकडे बघते. सगळे दानांगकडे बघू लागले की चोर सापडला.

तो केंदांगमागे मांडी घालून बसला. शेजारी, हाताच्या अंतरावर, सुमियाती केप्राक घेऊन बसली. केप्राक म्हणजे एक लाकडी पेटी. नाच शिकवणारी बाई ती छोट्या हातोडीने ठोकते, ते नाचणाऱ्या मुलींना पाऊल कधी बदलायचे हे कळावे म्हणून. वाद्यांना वळवायचे काम केंदांगचे. निदान वार्सितो आयुष्यभर विद्यार्थ्यांना हेच शिकवत आला होता.

“सुरू करावं का, सर?” सुमियातीने विचारले.

‘करावं का’ म्हणे. त्याने सरळ थाप मारली.

चार मुली मान कलती करून संथ सरकत मंडपात आल्या. वाद्ये नीट चालली होती. वळण जवळ आले तसा वार्सितो डोळ्यांच्या कोपऱ्यातून दानांगकडे बघू लागला. दानांग आपल्या वाद्यावर वाकलेला होता. वळण आणखी जवळ आले. वार्सितोने इशारा दिला नाही.

टक. टक-टक.

सगळी वाद्ये एका दमात वळली. मुलींनी कमरेचे शेले झटकले आणि द्रुत लय धरली. कोणी चुकले नाही, कोणी दानांगकडे पाहिले नाही. सगळे त्या पेटीवर वळले होते.

म्हणजे सुमी. दानांग नव्हे, सुमी. सापडली, असे वार्सितोला वाटले, आणि त्याला एक कडवट आनंदही झाला. मग त्याने खाली पाहिले. त्याचे स्वतःचे हात द्रुत लय वाजवत होते. त्याने त्यांना सांगितले नव्हते. उलट सांगितले होते ते नेमके वेगळे. पण पेटीवर टक झाले आणि हात आपोआप तिच्या मागून निघाले, जणू ही त्यांची रोजची वाट असावी.

त्याने हात उचलले. वाद्ये अडखळत थांबली.

“काय झालं, सर?” प्रानोतोने विचारले.

“पाणी पिऊन येतो.”

मागच्या पायऱ्यांवर तो बराच वेळ बसून होता. समोरच्या खाचरात बदके चिखल चिवडत होती. सुमियाती कॅन्टीनमधून थंड चहाची पिशवी घेऊन आली, नळी खोचलेली. तिने ती दोन्ही हातांनी पुढे केली.

“आपण घ्यावा, सर.”

“पुरे कर ते आपण-बिपण. कधीपासून चाललंय हे?”

“कशाबद्दल म्हणताय?”

“माझ्या जागेवर तू बसलीयस त्याबद्दल. तू पेटी ठोकतेस आणि सगळे वळतात. मधे मी नुसता बाहुला. प्रानोतोनं सांगितलं तुला, की त्या दानांगचं डोकं?”

“सर, असं काही नाही हो—”

“सुमी, माझ्याकडे बघून बोल.”

ती खालच्या पायरीवर बसली. चहाची पिशवी तिने गाठ मारून कठड्याच्या खिळ्याला अडकवली. मग बदकांकडे बघत म्हणाली, “‘तू’ म्हणत खोटं बोलता येत नाही मला. म्हणून ‘आपण’ म्हणत होते.”

“खोटं कसलं?” वार्सितोने विचारले.

“गेल्या वर्धापनदिनाला तू मधेच दुसऱ्याच नाचाचा शेवट वाजवलास. पोरी बावरल्या. मी पेटी ठोकली आणि सगळ्यांना ओढून जागेवर आणलं. लोकांना वाटलं, असंच असतं.”

“होतं एखाद वेळी. कुणाचंही होतं.”

“एखाद वेळी नाही, सितो.” तिचा आवाज खाली आला. “तेव्हापासून प्रत्येक वळणाला मी आधी ठोकते. हळूच. तू माझ्या मागून इशारा देतोस. पोरं दोघांचं मिळून ऐकतात, त्यांना वाटतं एकच आहे. आज तू दिला नाहीस म्हणून माझं एकटीचं ऐकू आलं.”

“आणि हेल्मेट? ते कोण पळवतं?”

“कुणी पळवत नाही. कॅन्टीनच्या बाकावर तूच ठेवून येतोस. दानांग गपचूप आणून गाडीला अडकवतो, तुला कळू नये म्हणून. आणि तू त्याच्यावरच डोळे वटारतोस.”

वार्सितोला राग यायला हवा होता. पण त्याला भीती वाटली, लहानपणी बाजारात आईचा हात सुटल्यावर वाटली होती तशी. उद्या आपण हे बोलणेही विसरू की काय, असे त्याच्या मनात आले, आणि ते त्याने तिला विचारले नाही.

“सोमवारी प्रानोतोनं मला गाठलं,” ती पुढे म्हणाली. “वाजवतील ना सर नीट, म्हणाला. मी म्हटलं, न वाजवायला काय झालं, हातात तसूभर फरक नाही. ठणकावून सांगितलं. आणि खोलीत आले तर तू चहा पीत बसलेला. तुला ‘ऊठ रे’ म्हणायला तोंडच उघडेना माझं.”

“हातात फरक नाहीच आहे.”

“हातात नाही,” ती म्हणाली.

खाचरातली बदके ओळीने बांधावर चढली. राखणारा लांबून त्यांना हाका मारत होता.

“ती उशी?” त्याने विचारले.

“मी शिवली. तुला तिकडं पाठवायला नाही. कधी तूच उठून गेलास, तर खाली गार फरशी लागू नये म्हणून. तुझे गुडघे दुखतात.”

“आणि मी उठलोच नसतो तर?”

“तर ठोकत बसले असते मी. माझी नोकरी आहे तोवर. पुढचं पुढं.”

तिने खिळ्यावरची पिशवी काढून त्याच्या हातात दिली. चहा गरम होत आला होता. त्याने तो सगळा प्यायला.

शनिवारी मंडप भरला. व्यवस्थापनाची मंडळी पुढच्या खुर्च्यांवर, मागे मुलांचे आईबाप, त्यांच्या हातात खाऊचे पुडे. वार्सितो काळा अंगरखा आणि डोक्याला घट्ट पागोटे घालून आला. केंदांगमागे बसला, दोन्ही तोंडांवरून तळवे फिरवले, वादी ताणून पाहिली, एक थाप मारून कान दिला. आवाज नेमका लागला होता. सगळ्यांनी आपापल्या हातोड्या उचलल्या. मग तो उठला.

“दानांग, इकडे ये.”

दानांगला काही कळेना. जवळ येऊन तो हळू आवाजात म्हणाला, “सर, आपण असताना मी नाही बसणार.”

“मी कुठं जातोय? बस. पाठ सरळ ठेव, आणि वळणाला घाई करू नकोस.” मग खिशातून त्याने कोठीची किल्ली काढली आणि त्याच्या हातात दिली. “हीही ठेव. माझ्या खिशात ती सापडत नाही.”

दानांग ओशाळून हसला. या वेळी वार्सितोला ते हसणे लबाड वाटले नाही.

पुढे प्रानोतो अर्धवट उभा राहिला आणि परत बसला. वाद्यांवरून पाय टाकून जायची आमच्याकडे रीत नाही, त्यामुळे वार्सितोला मंडपाच्या कडेकडेने सगळा वळसा घालावा लागला, भरल्या मंडपासमोर, एकेका खांबाला मागे टाकत. तो सावकाश चालला. मान त्याने खाली घातली नाही. केप्राकच्या मागून जाताना सुमियातीने त्याच्याकडे न बघता म्हटले, “तिथं झोपू नकोस, सितो. गोंगवाले घोरतात.”

“तू तुझी पेटी ठोक,” तो म्हणाला.

गोंगापाशी सकाळी वाहिलेली फुले होती. उशी जागेवरच होती. तो बसला आणि कापडाने गुंडाळलेला जाड दांडा मांडीवर घेतला. दानांगने थाप मारली. वाजवत होता खरोखर छान, आणि वार्सितोला ते ऐकून आनंद झाला आणि वाईटही वाटले. मुली आल्या, संथ सरकल्या. वळण आले तेव्हा इशारा केंदांगनेच दिला, पेटी गप्प होती. किती दिवसांनी तो केंदांग असा एकटा ऐकत होता.

फेरा शेवटाकडे आला. वार्सितोने दांडा उचलला, आणि त्याला एकदम कळेनासे झाले की गोंगाची जागा यायची आहे, की येऊन गेली. हात हवेत राहिला. समोर इतकी माणसे, इतकी वाद्ये, आणि त्याला कुठे आहोत ते सापडेना.

मंडपाच्या पलीकडच्या टोकाला, नाचाला नको असलेला, अगदी हलका, एकच टक झाला.

या वेळी तो त्याला नीट ऐकू आला. गोंग किंचित उशिरा पडला तरच गोड लागतो. तो एक श्वास थांबला, आणि मग त्याने ठोका दिला.