रिकाम्या काचेतले ठिपके

काळपट लाल, मोहरीएवढे ठिपके... भूपेंद्र सरांनी डोळा चोळून पुन्हा सूक्ष्मदर्शकाला लावला. खालची काच सरकवली तरी ठिपके जागचे हलेनात.

"आत कुंकू गेलंय, सर," आजच आलेल्या कामिनी मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी वरचं भिंग फिरवून काढलं. "दसऱ्याला पूजा करता ना?"

करतोच की! विज्ञानाची जागा रिकामी पडली तेव्हा सरकारनं या मराठीच्या माणसाला धुळ्यात सात दिवसांचं प्रशिक्षण दिलं, हातात प्रमाणपत्र ठेवलं आणि प्रयोगशाळा गळ्यात मारली. जे कळत नाही त्याला निदान हात तरी जोडावेत म्हणून ते दर दसऱ्याला सूक्ष्मदर्शकाला मूठभर हळदकुंकू वाहत, आणि मग वर्षभर कांद्याचा पापुद्रा दाखवून सांगत — ते लाल दिसतंय ना, तेच केंद्रक. मुलं तसंच काढत. सर बरोबरची खूण करत...

आणि जुन्या एका वर्गातली मेघा. त्या पोरीनं पापुद्रा न ठेवताच वाकून पाहिलं होतं. "सर, काच ते रिकामी शे, तरी ठिपका दिसी ऱ्हायनात!" वर्ग हसला आणि सर घाबरले — हो, घाबरलेच — म्हणून तर ओरडले, "शहाणपणा नको, खाली बस." ती बसली. पुढं तिनं तासाला तोंड उघडलं नाही, दहावीनंतर विज्ञानही घेतलं नाही. परवा बाजारात कडेवर लेकरू घेऊन भेटली, वाकून पाया पडली. आत्ता सरांना स्वतःचेच ते पाय नकोसे झाले.

मॅडम भिंग पुसत होत्या. सरकारची ही नवी सोय, एक विज्ञान शिक्षिका आणि तीन शाळा. "सोमवारी-मंगळवारी मी येईन. बाकीचे दिवस तुम्हीच, सर." आणि सर तर सुटका झाली म्हणून सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

आठवीची मुलं आली, भिंतीला लागून गप्प उभी राहिली. ही शिस्त सरांनीच लावलेली. मॅडमनी पुसलेलं भिंग परत बसवलं आणि खाली नुसता पापुद्रा ठेवला, रंगबिंग काही नाही. एकेकानं वाकून पाहिलं.

"काय दिसलं?"

"लाल केंद्रक, मॅडम!" सगळे एका सुरात.

मॅडमनी सरांकडे पाहिलं नाही. इतकी वर्षं सरांना एकच धास्ती होती, कोणी काही विचारेल. आता ते एकेका चेहऱ्याकडे बघत होते — विचारा रे, कोणीतरी विचारा... आणि सगळे चेहरे त्यांच्याकडेच बघत होते, उत्तर बरोबर आलं का म्हणून.